गॅरेजमधली जुनी सायकल कितीला विकायची? हातानं बनवलेल्या एका माउंटन बाइकची पूर्ण केस



या आठवड्याच्या व्हिडिओत मी एका जुन्या सायकलच्या विक्रीची गोष्ट सांगितली. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून तीच केस इथे पायरी-पायरीने लिहितोय. वही-पेन घेऊन बसा. सायकल अमेरिकेतली आहे, पण प्रश्न आपल्या सगळ्यांचाच आहे: ज्या वस्तूवर एमआरपी छापलेली नाही आणि जिच्यासारखी दुसरी वस्तू बाजारात सहज मिळत नाही, तिचा भाव ठरवायचा कसा? आणि तो गिऱ्हाइकाला पटवायचा कसा?

शंभर डॉलरची जाहिरात

माझा मावसभाऊ कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ भाड्याने राहतो. घरमालकीण सत्तरीच्या पुढच्या. आम्ही आपसात त्यांना आजीच म्हणतो. आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले. घराचं छप्पर गळायला लागलेलं, दुरुस्तीला पैसे हवेत, म्हणून आजींनी गॅरेज रिकामं करायला काढलं. कोपऱ्यात आजोबांची एक जुनी सायकल होती. धूळ बसलेली, टायर वाळून चिरलेले. आजी भावाला म्हणाल्या, "ही शंभर डॉलरला कुणाला तरी विकून टाक. निम्मे तू ठेव."

भावाने एक फोटो काढला आणि तिथल्या स्थानिक जाहिरातींच्या साइटवर टाकला. वीस मिनिटांत सहा मेसेज. त्यातला एक असा: "आत्ता निघतो. साडेतीनशे देतो. दुसऱ्या कुणाला दाखवू नका."

इकडे नाशिकला सकाळचे साडेसात वाजलेले. मी दुकानाचं शटर उघडत होतो. व्हिडिओ कॉल आला. "दादा, तुझं सायकलचं दुकान आहे म्हणून विचारतो. शंभर मागितले तर साडेतीनशे कोण देतं?"

बघा, यातच पहिला धडा आहे. गिऱ्हाईक स्वतःहून भाव वाढवतं आणि घाई करतं, तेव्हा त्याला असं काहीतरी माहीत असतं जे तुम्हाला माहीत नाही. अशा वेळी हो पण म्हणायचं नाही आणि नाही पण म्हणायचं नाही. थांबायचं. मी त्याला म्हटलं, "आधी जाहिरात काढ. आणि कॅमेरा सायकलकडे फिरव."

माझी नजर गेली हँडलवर. साध्या सायकलला हँडल वेगळं आणि ते धरणारा स्टेम वेगळा. इथे दोन्ही मिळून एकच त्रिकोणी तुकडा होता. याला बुलमूस हँडल म्हणतात. फ्रेमवर फिकट झालेली अक्षरं होती: रिची. मी भावाला म्हटलं, "आता सायकल पुसू नकोस, धुऊ नकोस, कशालाच हात लावू नकोस."

आधी आजींना सांगायचं का?

माझ्या मते सगळ्या केसमधला सगळ्यात अवघड भाग हाच होता.

भावाची नोकरी तीन महिन्यांपूर्वी गेलेली. भाडं, गाडीचा हप्ता, सगळं चालूच. तो हळू आवाजात म्हणाला, "दादा, आजींना शंभरच हवेत. मी खिशातले शंभर दिले की सायकल माझी. पुढे जे मिळेल ते आपलं."

खोटं कशाला सांगू, क्षणभर माझ्याही डोक्यात हिशोब सुरू झाला. पण एक गोष्ट नीट समजून घ्या. जुन्या बाजारात तुम्ही अनोळखी विक्रेत्याकडून वस्तू घेता, तेव्हा तुम्ही खरेदीदार असता आणि समोरच्यालाही ते माहीत असतं. इथे आजींनी भावाला *त्यांच्या वतीने* विकायला सांगितलं होतं. म्हणजे तो एजंट झाला. जो दुसऱ्याच्या वतीने विकतो, त्याने तीच वस्तू गुपचूप स्वतः घ्यायची नसते. घर विकून देणारा दलाल असो की शेतकऱ्याचा माल विकून देणारा अडत्या, नियम हाच.

मी भावाला एवढंच म्हटलं, "उद्या आजींना कुठून तरी कळलं, तर तू त्याच घरात राहणार आहेस ना?"

दुसऱ्या दिवशी त्याने आजींना सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "फळीवर त्यांचा एक पुठ्ठ्याचा खोका आहे. मी तो रद्दीत देणार होते." हा खोका लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आजी म्हणाल्या निम्मे-निम्मे. भाऊ म्हणाला, शंभरातले निम्मे ठीक होते, आता एवढे नकोत. शेवटी ठरलं: सगळा खर्च वजा जाता जे उरेल त्याचे १५ टक्के भावाचे. एका कागदावर दोन ओळी लिहिल्या, दोघांनी सह्या केल्या. घरच्या माणसाबरोबर व्यवहार असला तरी ह्या दोन ओळी लिहाच. त्या भांडण झाल्यावर उपयोगी पडतात असं नाही, त्या असल्या की भांडणच होत नाही.

ही सायकल एवढी खास का?

माल विकायचा तर मालाची गोष्ट आपल्याला माहीत पाहिजे. थोडक्यात सांगतो.

१९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटीत काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर न्यायचे आणि मातीच्या रस्त्याने जोरात खाली उतरायचे. ह्या सायकली बहुतेक १९३० आणि १९४० च्या दशकातल्या. १९७६ च्या ऑक्टोबरात त्यांनी एका उतारावर शर्यत सुरू केली. सुमारे साडेतीन किलोमीटरमध्ये जवळजवळ ४०० मीटरचा उतार. मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. पुन्हा भरणे म्हणजे रीपॅक. त्या उताराचं नावच रीपॅक पडलं.

जुन्या फ्रेम मोडायला लागल्या, म्हणून १९७७ मध्ये जो ब्रीझ याने या कामासाठी नवीन फ्रेम हाताने बनवली. त्या पहिल्या खेपेत साधारण दहाच सायकली तयार झाल्या. त्यातली पहिली आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मग टॉम रिची या कारागिराने फ्रेम बनवायला घेतल्या. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी त्या फ्रेमवर सायकली जोडून विकायला सुरुवात केली. धंद्याचं नाव ठेवलं 'माउंटन बाइक्स'. एका सायकलची किंमत साधारण १,३०० डॉलर. त्या काळात ही फार मोठी रक्कम होती.

आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने जपानमध्ये बनवून घेतलेली स्टंपजंपर बाजारात आणली, साधारण ७५० डॉलरला. तिथून माउंटन बाइक कारखान्यातला माल झाली.

आता धंद्याच्या नजरेने बघा. कारखान्यातला माल आल्यावर हातानं बनवलेल्या फ्रेमची मागणी संपायला हवी होती. झालं उलटं. कारखान्याने लाखो लोकांना माउंटन बाइकची सवय लावली आणि त्यातल्या काहींना पुढे 'सुरुवातीची, हातानं केलेली' सायकल हवीशी वाटू लागली. माल मोजका आणि ओळखणारी माणसं वाढलेली. किंमत इथून तयार होते. नुसतं जुनं असून भागत नाही. जुन्या सायकली भंगारातही ढिगाने पडलेल्या असतात.

पायरी १: ओळख पटवा, अंदाज नको

हँडल बघून मी अंदाज बांधला, पण अंदाज म्हणजे पुरावा नाही. बुलमूससारखं हँडल नंतर इतर कंपन्यांनीही लावलं. स्टिकर तर कुणीही चिकटवू शकतो. म्हणून आम्ही चार गोष्टी तपासल्या.

*फ्रेमचा नंबर.* बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे जिथे क्रँक बसतो त्या आडव्या नळीच्या, खालच्या बाजूला बहुतेक सायकलींवर नंबर ठोकलेला असतो. सायकल उलटी करून, मऊ कापडाने धूळ झटकून फोटो काढला.

*जोड.* आपल्या काळ्या रोडस्टर सायकलीच्या जोडावर लोखंडाची बाही असते, तिला लग म्हणतात. या फ्रेमला लग नव्हते. नळ्या पितळेने जोडून तो जोड कानशीने घासून गुळगुळीत केलेला. बोट फिरवलं तर एक नळी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते कळत नाही. या पद्धतीला फिलेट ब्रेझिंग म्हणतात. रिचीचं नाव यासाठी होतं.

*सुट्या भागांच्या तारखा.* शिमानोच्या त्या काळातल्या भागांवर दोन अक्षरी खूण असते. पहिलं अक्षर वर्षाचं, १९७६ म्हणजे ए, १९७७ म्हणजे बी, असं पुढे. दुसरं महिन्याचं, जानेवारी ए पासून डिसेंबर एल पर्यंत. आमच्या मागच्या डिरेलरवर होतं 'जी के'. जी म्हणजे १९८२, के म्हणजे नोव्हेंबर. तो भाग होता शिमानोच्या पहिल्या डिओर एक्सटी संचातला, हरणाचं डोकं कोरलेला. पण सावध राहा: भागाची तारीख फक्त त्या भागाची असते. भाग नंतर बदललेलाही असू शकतो. म्हणून एका खुणेवर विसंबायचं नाही, सगळ्या खुणा एकाच बाजूला बोट दाखवतात का ते बघायचं.

*कागद.* आणि इथे तो पुठ्ठ्याचा खोका उघडला. आत होतं दुकानाचं मूळ बिल, १९८३ सालचं. बिलावर फ्रेमचा नंबर हाताने लिहिलेला. सायकलच्या खालचा नंबर आणि बिलावरचा नंबर एकच. सोबत डोंगरातल्या रस्त्यावर हीच सायकल धरून उभे असलेले तरुणपणीचे आजोबा, असा एक फोटो.

आता विचार करा. भावाने आजींना शंभर डॉलर टेकवून सायकल घेतली असती, तर हा खोका रद्दीत गेला असता. मग सायकल उरली असती, पुरावा गेला असता.

आणखी एक काम आम्ही केलं. अमेरिकेत बाइक इंडेक्स नावाची सायकलींची नोंदवही ऑनलाइन आहे, तिथे नंबर टाकून चोरीची नोंद नाही ना हे बघितलं. जुना माल विकणाऱ्याने ही सवय लावून घ्यावीच.

पायरी २: चकाचक करण्याचा मोह आवरा

भावाला वाटत होतं, रंग मारू, गंज काढू, नवीन टायर घालू, मग फोटो छान येतील. मी त्याला माझी चूक सांगितली.

दुकान सुरू केलं त्या पहिल्या वर्षीची गोष्ट. एका जुन्या वाड्यातून एक इंग्लिश सायकल माझ्याकडे आली. बारीक सोनेरी रेघा मारलेला काळा रंग, थोडा उडालेला. मी पैसे घालून ती घासून घेतली, पावडर कोटिंग करून घेतलं, नवीन सायकलीसारखी चमकवली. मग पुण्याहून एक संग्राहक बघायला आले. त्यांनी सायकलभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "आधी बोलावलं असतं तर घेतली असती. आता ही फक्त सायकल राहिली." रंगाचा खर्च माझा आणि गिऱ्हाईकही गेलं.

संग्राहकाला मूळ रंग हवा असतो, मग तो खरचटलेला का असेना. रंग एकदा काढला की परत येत नाही. म्हणून:

- मऊ कापड, थोडं कोमट पाणी, बस्स. तारेचा ब्रश नको, ॲसिड नको, जोरात पाण्याचा फवारा नको.
- मूळ भाग काढून नवीन बसवू नका. मोडका मूळ भागही पिशवीत घालून सोबत द्या.
- वाळलेल्या टायरवर सायकल चालवू नका, पण ते टायर फेकूही नका.
- सीटपोस्ट किंवा स्टेम अडकला असेल तर हातोडी मारू नका. "अडकलेला आहे" असं लिहा. घेणारा बघून घेईल.

पुण्यात कधी गेलात तर कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय बघून या. जुनी वस्तू जपणं आणि जुनी वस्तू नवी करणं यातला फरक तिथे डोळ्यांनी दिसतो.

पायरी ३: मागितलेला भाव आणि मिळालेला भाव

इथे नव्वद टक्के नवीन उद्योजक चुकतात असं मला शिकवताना कायम वाटतं. ते इतरांच्या जाहिराती बघतात आणि त्यावरून भाव ठरवतात. अहो, जाहिरातीतला भाव ही विक्रेत्याची इच्छा आहे! दहा हजार डॉलर कुणीही लिहू शकतो. आपल्याला हवा *व्यवहार झालेला* भाव. ईबेवर 'विकल्या गेलेल्या वस्तू' अशी चाळणी लावता येते. ती लावायची.

मग प्रत्येक व्यवहार तीन प्रश्नांवर तपासायचा: कारागीर तोच आहे का? काळ साधारण तोच आहे का? अवस्था तशीच आहे का? तिन्हींना हो आलं तरच तुलना करायची. आम्हाला असे फक्त तीन व्यवहार सापडले. आम्ही मधला आकडा धरला आणि त्यात बेरीज-वजाबाकी केली.

अधिकच्या बाजूला: मूळ रंग, मूळ हँडल, मॅगुराचे मोटारसायकलवाले ब्रेक लिव्हर, माफाकचे ब्रेक, मूळ बिल. उणेच्या बाजूला: सीट आणि ग्रिप नंतर बदललेल्या, टायर गेलेले, वरच्या नळीच्या खालच्या अंगाला एक पोचा. आणखी एक मुद्दा आपल्या लक्षात येत नाही: फ्रेमचा आकार. फार लहान किंवा फार मोठी फ्रेम घेणारे कमी असतात, कारण बऱ्याच संग्राहकांना सायकल चालवायचीही असते. आमची मधल्या मापाची होती.

आकडा ठरला: ३,००० डॉलर मागायचे, २,६०० च्या खाली द्यायची नाही. खालचा आकडा आधीच ठरवा आणि लिहून ठेवा. घासाघीस सुरू झाल्यावर ठरवायला गेलात तर समोरचा माणूस ठरवतो.

पायरी ४: पोचा पहिल्या पानावर

तो पोचा नळीच्या खालच्या बाजूला होता. नेहमीच्या फोटोत दिसला नसता. भाऊ म्हणाला, "विचारलं तर सांगू."

मी म्हटलं, नाही. न विचारता सांगायचं, आणि पहिल्या चार ओळींत सांगायचं. कारण साधं आहे. घेणारा हजार किलोमीटरवरून फोटो बघून पैसे देणार. त्याच्या मनात एकच भीती: हा माणूस काय लपवतोय? तुम्ही स्वतः दोष दाखवलात की ती भीती कमी होते, आणि बाकीच्या दहा गोष्टींवर त्याचा विश्वास बसतो. दोषाने भाव थोडा उतरतो. लपवलेल्या दोषाने व्यवहार मोडतो, माल परत येतो, दोन्हीकडचं भाडं अंगावर पडतं.

आम्ही काढलेले फोटो असे: चेनच्या बाजूने पूर्ण सायकल, दुसऱ्या बाजूने पूर्ण सायकल, पुढचा भाग, फ्रेमचा नंबर, प्रत्येक जोड जवळून, मागच्या चाकाचा आस बसतो त्या खाचा, चिमटा, प्रत्येक गिअर आणि ब्रेक, बिल, आणि पोचा, शेजारी नाणं ठेवून. नाण्यामुळे आकार कळतो. सगळे फोटो दिवसाच्या सावलीत, मागे साधी भिंत. ऊन थेट पडलं तर रंग खोटा दिसतो.

वर्णनात 'दुर्मीळ', 'अप्रतिम', 'शेवटची संधी' हे शब्द एकदाही नाहीत. फक्त माहिती: कारागीर, साल, नंबर, मापं, कोणते भाग मूळ आणि कोणते बदललेले, दोष, कागद. जाणकार गिऱ्हाइकाला विशेषणं नको असतात.

पायरी ५: कुठे विकायची?

चार रस्ते होते.

१. *स्थानिक जाहिरात.* पाठवायचा खर्च नाही, पैसे हातात. पण तिथे येणारे बहुतेक स्वस्तात घेऊन पुढे विकणारे.

२. *ईबे.* जगभरचे गिऱ्हाईक. जपानमध्येही अमेरिकन हातबनावटीच्या माउंटन बाइकचे शौकीन आहेत. पण साइटचं शुल्क विक्रीच्या दहा टक्क्यांच्या वर जातं.

३. *संग्राहकांचे गट.* गिऱ्हाईक मोजके पण जाणकार. खोटं बोललात तर तिथेच उघडे पडता.

४. *सुटे करून विकणं.* एकाने थेट विचारलं, "हँडल, लिव्हर आणि डिरेलर वेगळे द्या, चांगले पैसे देतो." कागदावर बेरीज केली तर सुट्या भागांचे एकूण थोडे जास्त होत होते. पण सगळे भाग विकले जातील याची खात्री नाही, प्रत्येकाचं वेगळं पॅकिंग, आणि शेवटी रिकामी फ्रेम उरणार. आम्ही हा हिशोब आजींसमोर ठेवला, कारण माल त्यांचा. आजी म्हणाल्या, "ते दर रविवारी हिच्यावर डोंगरात जायचे. तोडू नका." निर्णय झाला.

संग्रहालयाला भेट देण्याचाही विचार झाला. मरीन काउंटीतच फेअरफॅक्सला सायकल संग्रहालय आहे. पण आजींना छप्पर दुरुस्त करायचं होतं. गरज असताना दान करायला लावणं हाही सल्ला नव्हे.

आम्ही तिसरा रस्ता धरला. नऊ दिवसांनी ओरेगॉन राज्यातल्या एका संग्राहकाने २,८०० डॉलर देऊ केले, पाठवायचा खर्च त्याचा. त्याने आधी जोडांचे आणखी सहा फोटो मागितले. भावाने तासाभरात पाठवले. गंभीर गिऱ्हाईक प्रश्न विचारतं. त्याचा कंटाळा करू नका.

पायरी ६: पैसे आणि पॅकिंग

मधल्या काळात एक ठग पण भेटला. म्हणाला, "मी चार हजारांचा चेक पाठवतो, तुमचे तीन हजार ठेवा, वरचे एक हजार माझ्या वाहतूकवाल्याला द्या." ही जुनी फसवणूक आहे. चेक खात्यात दिसतो, तुम्ही हजार देता, नंतर चेक खोटा निघतो आणि बँक सगळे पैसे परत काढून घेते. जास्तीचे पैसे देऊन फरक परत मागणारा माणूस गिऱ्हाईक नसतो. आपल्याकडे 'चुकून जास्त यूपीआय गेलं, परत करा' म्हणणारे असतात, तीच जात.

आम्ही पेपालने पैसे घेतले, वस्तू-विक्रीच्या प्रकारात. मित्र-नातेवाइकांना पैसे पाठवायचा प्रकार वापरला असता तर शुल्क वाचलं असतं, पण त्यात घेणाऱ्याला संरक्षण नसतं. चांगलं गिऱ्हाईक गमावून ऐंशी-नव्वद डॉलर वाचवण्यात अर्थ नाही.

पॅकिंगसाठी जवळच्या सायकल दुकानातून नवीन सायकलीचा रिकामा खोका मागून आणला. दुकानदार तो बहुतेक फुकटच देतात. बुलमूस हँडल स्टेमपासून सुटं होत नाही, म्हणून खोका मोठा लागला. नळ्यांवर फोमच्या नळकांड्या, चिमट्याच्या टोकांमध्ये प्लास्टिकचा आधार म्हणजे दाबाने चिमटा वाकणार नाही, डिरेलर काढून गुंडाळून फ्रेमला बांधलेला, बारीकसारीक सामान एका पिशवीत. प्रत्येक टप्प्याचा फोटो. आणि पूर्ण किमतीचा विमा.

शेवटचा हिशोब

विक्री: २,८०० डॉलर.
पैसे स्वीकारण्याचं शुल्क आणि पॅकिंगचं सामान: १४० डॉलर.
उरले: २,६६०.
भावाचे १५ टक्के: ३९९.
आजींचे: २,२६१.

हा फक्त आमच्या एका व्यवहाराचा आकडा आहे. याला बाजारभाव समजू नका.

भावाने गप्प राहून सायकल स्वतः घेतली असती तर त्याला जास्त मिळाले असते का? बिल नसतं, त्यामुळे २,८०० बहुधा मिळाले नसते. तरीही ३९९ पेक्षा नक्की जास्त मिळाले असते. प्रामाणिकपणा नेहमी जास्त पैसे देतो असं मी तुम्हाला सांगणार नाही, कारण ते खरं नाही. नोकरी नसलेल्या माणसाने दीड-दोन हजार डॉलर सोडले, ही रक्कम छोटी नाही.

पण त्यानंतरचं ऐका. आजींनी शेजारणीला सांगितलं. शेजारणीच्या गॅरेजमध्ये दोन जुन्या सायकली आणि एक शिलाई मशीन. मग तिच्या बहिणीकडचं सामान. भावाला आता नोकरी लागली आहे, तरी शनिवार-रविवारी तो लोकांचं जुनं सामान ओळख पटवून, ठरलेल्या टक्क्यांवर विकून देतो. दुकान नाही, भांडवल नाही, माल विकत घ्यावा लागत नाही. लोक अनोळखी माणसाला गॅरेजची किल्ली देत नाहीत. त्याला देतात.

तुमच्यासाठी गृहपाठ

आपल्या घरात, गावात, मामाच्या वाड्यात अशी एखादी हातानं बनवलेली जुनी वस्तू शोधा. विकायची नाही, फक्त सराव. एका कागदावर लिहा: कुणी बनवली, कधी, कशावरून म्हणता, काय मूळ आहे, काय बदललं आहे, दोष काय, आणि अशी वस्तू *प्रत्यक्षात* कितीला गेली. जिथे 'कशावरून' समोर उत्तर नसेल, तिथे रेघ ओढून पुढे जाऊ नका, घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. बहुतेक वेळा त्यांच्या फळीवर एखादा खोका असतो.

कागद तयार झाला की पुढच्या व्हिडिओसाठी जवळ ठेवा. त्यात आपण कमिशनचा लेखी करार दोन ओळींत कसा लिहायचा ते शिकणार आहोत.

भेटू पुढच्या रविवारी.